ब्रिगेडियरचा डावा खिसा

ब्रिगेडियर गिऱ्हाइकाची छाती दोनदा मोजायचा. एकदा साधी आणि एकदा श्वास भरून. शर्टाला फुगवलेल्या छातीचं माप कशाला लागतं, हे कटिंगचा रीतसर कोर्स केलेल्या मला आजतागायत कळलेलं नाही. तो टेप लावायचा आणि म्हणायचा, "भरा, अजून भरा." समोरचा किरकोळ अंगाचा कॉलेजकुमार गाल फुगवून, डोळे वटारून उभा. मग ब्रिगेडियर आकडा असा पुकारायचा की दुकानातल्या बाकीच्यांनी माना वळवून बघावं. आकडा बरा असला तर पाठीवर थाप पडायची, कमी असला तर "दूध प्या जवान" असा सल्ला मिळायचा. एवढं झाल्यावर कपाटातून शर्ट निघायचा तो आधीच शिवून ठेवलेला, मिडियम नाहीतर लार्ज.

हा माणूस सैन्यात एक दिवसही नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याने स्वतः ते कधीच कुणाला सांगितलं नाही. देवळाली कॅम्पात एका गणवेश शिवणाऱ्याच्या हाताखाली तो तरुणपणी काजं-बटणं करायचा. तिथल्या कारागिरांनी त्याच्या ऐटीला हसून त्याला ब्रिगेडियर म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या कुणाला असल्या नावाची लाज वाटली असती. याने ती बढती समजून घेतली. समोर आम्ही सगळे त्याला साहेब म्हणायचो, मीही म्हणायचे. पण मनात तो माझ्यासाठी कायम 'तो'च होता, आणि लिहितानाही तोच राहील.

नाशकात शालिमार चौकामागच्या एका बोळात त्याचं 'छावणी' नावाचं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे कटर म्हणून लागले. खाली दुकान, वर पोटमाळ्यावर चार मशिनं, आणि जिथे ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं त्या कोपऱ्यात माझं कटिंगचं टेबल. ब्रिगेडियर दिवसभर खाली असायचा. अंगात हिरवट शर्ट, बाह्या दुमडून पट्टीने अडकवलेल्या, पायात चकाकते बूट, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटच्या उजेडातही डोळ्यांवर काळा चष्मा. मला त्याने पहिल्याच दिवशी कॅप्टन करून टाकलं. पगाराचं बोलणं त्यानंतर झालं.

धंदा काय, तर फौजी कपड्यांवरून रोजच्या वापराचे शर्ट काढायचे. जुने गणवेश तो दोन ठिकाणांहून मिळवायचा. एक, कॅम्पातले भंगारवाले. आणि दुसरं, बुधवारच्या बाजारात गोदाकाठी बसणाऱ्या बोहारणी. गावोगाव हिंडून जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या या बायकांच्या गाठोड्यांत एखादा तरी फौजी शर्ट निघायचाच. ब्रिगेडियर तो उचलायचा, वर आणून माझ्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "कॅप्टन, पोस्टमॉर्टेम." मग मी ब्लेडने शर्टाची एकेक शिवण उसवायची, तुकडे इस्त्रीने सपाट करायचे, खाकी कागदावर त्यांचा खाका उतरवायचा आणि त्यावरून नवा शर्ट बसवायचा. उसवलेल्या तुकड्यांची पुडी बांधून तो एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचा. या सगळ्याला तो 'माझं डिझाइन' म्हणायचा.

खरं डिझाइन मी करत होते, आणि ते काही फार अभिमानाने सांगावं असं काम नव्हतं. फौजी कापड नाशिकच्या एप्रिलमध्ये अंगात घालवत नाही, म्हणून मी ते पॉपलिनवर आणलं. रंग हुबेहूब घेतला तर उगाच कुणीतरी हरकत घ्यायचं, म्हणून तो कांद्याच्या पातीकडे झुकवला. खिशाची घडी उलगडून त्यात वॉकमन मावेल एवढी जागा केली. आणि खांदे, ते तर सगळ्यांत आधी अरुंद करावे लागले, कारण आमच्या गिऱ्हाइकांना खांदेच नव्हते. ज्या पट्टीवर हुद्द्याचे तारे लागायचे ती पट्टी आता कॉलेज रोडवर दोन बोटांत किल्ली फिरवत उभ्या राहणाऱ्या पोरांच्या खांद्यावर होती. त्या पट्टीखाली त्यांनी फार तर सॅकचा बंद अडकवला असेल. मला त्या पोरांची कीव यायची, त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्या ब्रिगेडियरचा तिटकारा यायचा, आणि महिन्याच्या एक तारखेला दोन्ही विसरून मी पगार घ्यायचे.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "गणवेशात एकही टाका फुकट नसतो." हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा आणि मग प्रत्येक टाक्याला एक गोष्ट चिकटवायचा. खिशावरची घडी म्हणे जखमेची पट्टी ठेवायला. बाहीवरची पट्टी म्हणे दोरीवरून उतरताना. एकदा तर एका शर्टाला मागे जो साधा रफू होता, तोही त्याने चकमकीतला म्हणून सांगितला. मी वरून ऐकत होते. तो शर्ट मी स्वतः उसवला होता आणि ते भोक उंदराचं होतं. गोष्टी सांगताना त्याचा आवाज खाली यायचा, तो काळा चष्मा काढायचा आणि थोडा वेळ नजर लांब लावून बसायचा. लांब म्हणजे समोरच्या ब्लाउजपीसच्या दुकानावर.

एका दिवाळीला फराळाला बोलावलं तेव्हा त्याच्या बायकोने, वहिनींनी, मला स्वयंपाकघरात सांगितलं की हे दोनदा भरतीला गेले होते. दोन्ही वेळा छाती कमी भरली. श्वास भरून एक बोटभर फुगायला हवी होती, ती फुगेना. दुसऱ्या वेळी परत आले तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. वहिनींना वाटलं असावं की हे ऐकून मी जरा मऊ होईन. मी झाले नाही. छाती कमी भरली म्हणून माणसाला उरलेलं आयुष्य खोटं बोलायची मोकळीक मिळते, असं मला तेव्हा वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

तर असा एक शर्ट एका बुधवारी आला. चांगला वापरलेला, मऊ पडलेला. बाकी सगळं नेहमीसारखंच, फक्त डाव्या खिशाच्या झडपेचं बटण लाल दोऱ्याने लावलेलं होतं. बरं, लावलंही कसं, तर चार भोकांत फुली न घालता एकाच भोकातून तीन फाटे काढलेले, कोंबडीच्या पावलासारखे, आणि शेवटची गाठ वर, बटणाच्या डोक्यावर. मी त्याला सरळ सांगितलं की ही घरगुती दुरुस्ती आहे, कुणा अडाणी हाताने केलेली, ही घ्यायची नाही. ब्रिगेडियरने तो खिसा उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"कॅप्टन, गणवेशात एकही टाका फुकट नसतो," तो म्हणाला. "लाल आहे म्हणजे त्याला कारण आहे."

कारण त्याला संध्याकाळपर्यंत सापडलं. डावा खिसा काळजावर येतो. धुरात, धुळीत, घाईगर्दीत डॉक्टरला जवानाच्या काळजाची जागा पटकन दिसावी म्हणून तिथलं बटण लाल. मी तोंडावर कापड धरून हसले. पण खाली पोरं ते ऐकून भारावली, आणि तो शर्ट त्या वर्षी जेवढा खपला तेवढा आमचा दुसरा कुठलाच खपला नाही. लाल दोऱ्याची रिळं आली न आली तोच पुन्हा मागवावी लागत. प्रत्येक शर्टावर तीन फाटे आणि वर गाठ, हुबेहूब, हाताने. बटणं लावणाऱ्या बायका मला विचारायच्या, ताई, ही गाठ अशी बावळट का? मी म्हणायचे, साहेबांना विचारा.

मूळ शर्टाचे तुकडे नेहमीप्रमाणे पुडीत गेले. डावा खिसा मात्र गेला नाही. तो ब्रिगेडियरने मागून घेतला आणि मला स्वतःच्या शर्टावर लावायला सांगितलं. "एक तरी अस्सल चीज अंगावर पाहिजे," म्हणाला. मी लावून दिला. तेव्हापासून तो रोज तोच शर्ट घालायचा, रात्री धुऊन सकाळी पुन्हा. बोलता बोलता दोन बोटं त्या लाल गाठीवर ठेवायचा. मला ते बघवायचं नाही.

वर्ष-दीड वर्षाने, एका दुपारी, दुकानात एक बाई आली. साठीला आलेली, नऊवारी, हातात कापडी पिशवी. बरोबर विशीतला भाचा, अंगात आमचाच लाल बटणाचा शर्ट. कळवणकडचं एक गाव त्यांनी सांगितलं. मी त्या वेळी माल द्यायला खालीच आले होते. बाईने भाच्याला पुढे ओढलं, त्याच्या छातीवरच्या बटणावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "ताई, हा टाका कोणाचा हाय?"

मी म्हटलं, इथेच लावतात. ती म्हणाली, "लावता तुम्ही. टाका माझा हाय."

मग तिने सांगितलं ते सगळं उभ्यानेच सांगितलं. तिचा मुलगा फौजेत होता. शेवटच्या सुट्टीला आला तेव्हा खिशाचं बटण लोंबत होतं. ती गोधडी शिवत बसली होती, सुईत लाल दोरा होता, त्यानेच तिने बटण टाचून दिलं. मुलगा हसला. साहेब ओरडतील म्हणाला, गणवेशाला लाल दोरा चालत नाही. ती म्हणाली, तिकडे गेल्यावर बदल. नंतर डोंगरात त्याची गाडी दरीत गेली. लढाई नाही, काही नाही, पावसाने रस्ता खचला. ट्रंक घरी आली. तिने उघडून पाहिली तर वरच तो शर्ट, आणि बटणाला लाल दोरा तसाच. त्याने बदलला नव्हता. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणून तिच्या मालकांनी, ती कांदे लावायला गेलेली असताना, सगळे बोहारणीला देऊन टाकले. त्यावर एक पातेलं मिळालं. "ते पातेलं मी अजून चुलीवर ठेवलं नाय," बाई म्हणाली. आणि गेल्या आठवड्यात एका लग्नात भाचा हा शर्ट घालून वाढायला आला. बुंदीचं ताट तिच्या हातातून खाली गेलं.

मी विचारलं, कारण मला विचारल्याशिवाय राहवेना, "मावशी, गाठ अशी वर का घेता?"

"आत घेतली तं छातीला टोचती. माझ्या आईनं असंच शिकवलं. घरातल्या कोणाच्याबी बटणाची गाठ मी आत घेत नाय."

मग म्हणाली, तिला बाकी काही नको, भांडायचंही नाही. नवा तर भाच्याच्या अंगावर आहेच. ज्याच्यावरून हे सगळे केले तो शर्ट तिला हवा होता. काय पडतील ते देईन म्हणाली.

एवढा वेळ ब्रिगेडियर काय करत होता? ती बोलायला लागली तसा त्याने गल्ल्याजवळची घडी घातलेल्या शर्टांची चळत उचलली आणि छातीशी धरली. ती चळत पूर्ण वेळ त्याने खाली ठेवली नाही. दहा-बारा शर्ट असतील, हात भरून आले असणार, पण डावा खिसा झाकलेला राहिला. तो म्हणाला, जुना माल बघावा लागेल, गोदामात असेल, आठ दिवसांनी या. आम्हाला गोदाम नव्हतं. मला ते सगळं दिसत होतं आणि एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य बोलले नाही. बाई पिशवी सावरत पायऱ्या उतरली, भाचा शर्टाच्या बटणावर हात ठेवून तिच्या मागे गेला.

ती बोळातून दिसेनाशी झाल्यावर मी म्हटलं, "साहेब, खिसा तुमच्या अंगावर आहे."

त्याने चळत खाली ठेवली. हात झटकले. "तिला काय कळणार आहे, कॅप्टन? एक कॉपी करा. जुनी दिसली पाहिजे. विटेने घासा, दोनचारदा सोड्यात काढा."

इथे मला माझी बाजू मांडायला आवडलं असतं. मी त्याला सुनावलं, कात्री टेबलावर आपटली, नोकरी सोडली, असं काही. मी कॉपी करायला घेतली. दुसरं काय सांगू? मी चांगली कटर होते आणि शर्ट जुना दिसण्यासाठी काय काय करायचं हे मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं. कॉलर विटेने घासली. कोपरं सोड्यात मऊ केली. तीन दिवस मी त्यावर जीव लावून बसले, आणि चौथ्या दिवशी लाल दोरा चहाच्या पाण्यात बुडवून, थोडा विटवून, बटण लावलं. तीन फाटे. गाठ वर. आईच्या समोर ठेवला तरी ओळखू येणार नाही असा शर्ट झाला होता, आणि मला त्याचा क्षणभर अभिमानही वाटला. त्या क्षणाइतकी मी स्वतःच्या नजरेतून दुसऱ्या कुठल्या क्षणी उतरले नाही.

ब्रिगेडियर बघायला वर आला. वाकूनच यावं लागायचं तिथे. त्याने शर्ट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि गाठीवर अंगठा फिरवत राहिला. "आत खरंच टोचते?" त्याने विचारलं. मी म्हटलं, टोचत असणार. त्याने स्वतःच्या उजव्या खिशाच्या बटणामागे हात घातला, तिथली आतली गाठ चाचपली. शर्ट टेबलावर ठेवून खाली गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा डावा खिसा अंगावर नव्हता. शर्ट तोच होता. रोजच्या धुण्याने तो इतका विटला होता की खिसा निघाला त्या जागी चौकोनी, गडद, नवाकोरा हिरवा रंग तसाच उरला होता. काढलेला खिसा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. ट्रंकेतली पुडी काढली, मला मशिनवरून उठवलं, काळा चष्मा काढून ठेवला आणि बसला. मी म्हटलं, द्या, मी जोडते. "नको," म्हणाला. "ही माझी ड्यूटी आहे." तिथेही त्याला ड्यूटीच पाहिजे होती.

पंधराएक वर्षांत तो मशिनवर बसला नव्हता. हात पार गेला होता. पण त्याने एक गोष्ट केली, जी मी केली नसती. सुई पडली ती जुन्याच भोकांतून. कापडाला पूर्वीच्या शिवणीची भोकं असतात, ओळीने, बारीक. एकेक टाका हाताने चाक फिरवत, त्या भोकात सुई उतरवत, त्याने तो अख्खा शर्ट परत जोडला. त्याला तीन दिवस लागले. खाली गिऱ्हाइकं हाका मारून परत गेली. खिसा लावताना बटणाला त्याने हात लावला नाही. माझी कॉपी बाजूला घडी घालून पडली होती, आणि शेवटपर्यंत मला खात्री नव्हती की बाईच्या हातात तो कुठला शर्ट देईल.

आठव्या दिवशी ती एकटीच आली. ब्रिगेडियरने तिला जोडलेला शर्ट दिला. तिने आधी गाठ चाचपली. मग शर्ट तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. आमच्या साबणाचा नाहीतर ट्रंकेचा वास आला असेल, दुसरं काय येणार. मग तिने शिवण बघितली. शिवण बघायला तिला चष्मा लागला नाही.

"उसवला होता?"

"हो," ब्रिगेडियर म्हणाला.

तिची नजर वर आली आणि त्याच्या छातीवर थांबली. तो गडद चौकोन. तिने हातातल्या खिशाकडे बघितलं, परत चौकोनाकडे बघितलं. एवढं बघायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. त्या दिवशी तो दुसरा शर्ट घालून येऊ शकला असता. घरी होते त्याच्याकडे. तो हाच घालून आला होता.

"माझं पोरगं गेलं," ती म्हणाली, "आन् तुम्ही त्याचा खिसा लावून मिरवत व्हता."

मी वाट बघत होते. मला वाटलं आता आवाज खाली येईल, नजर ब्लाउजपीसच्या दुकानावर जाईल, आणि काळजाची, डॉक्टरची, धुराची गोष्ट सुरू होईल.

"हो," तो म्हणाला.

त्याला मी ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत त्याने स्वतःबद्दल उच्चारलेला तो पहिला खरा शब्द. बाईने त्याला माफ केलं नाही. उगाच गोड करून सांगत नाही, तिने त्याच्याकडे पाहिलं ते चपलेला लागलेल्या शेणाकडे बघावं तसं, शर्टाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि गेली. येते म्हणाली नाही. पैशांचं नावही कुणी काढलं नाही. ती वळेपर्यंत ब्रिगेडियर हात सरळ खाली सोडून उभा होता. एरवी ते उभं राहणं बघून मला हसू यायचं.

त्या आठवड्यात त्याने दुकानातल्या उरलेल्या सगळ्या शर्टांची लाल बटणं स्वतः उसवली आणि हिरव्या दोऱ्याची लावायला सांगितली. गाठी आत. माझी ती कॉपीही त्याने उसवली, पार तुकड्यांपर्यंत. पोरं येऊन विचारायची, काका, ते डॉक्टरवालं बटण? तो म्हणायचा, "बंद झालं." का बंद झालं, हे नाही. एवढं एक सोडलं तर बाकी सगळं पूर्ववत चालू राहिलं. छाती दोनदा मोजणं चालू राहिलं, दोरीवरून उतरणं चालू राहिलं, आणि उंदराच्या भोकाची चकमकही पुन्हा एकदा माझ्या कानावर आली. एका प्रसंगाने माणूस बदलतो, हे ज्यांना पटतं त्यांनी आमच्या दुकानात महिनाभर बसायला हवं होतं. तो चौकोनवाला शर्टही तो घालत राहिला. कुणी विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचा.

पुढे कॉलेज रोडवर काचेची मोठी दुकानं आली. त्यांच्याकडेही खांद्यावर पट्टीवाले शर्ट होते, आमच्यापेक्षा स्वस्त, आणि छाती न मोजता मिळायचे. 'छावणी' बंद झाली. मी सिडकोत स्वतःचं छोटं दुकान टाकलं, ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायला लागले. ब्रिगेडियरची आठवण काढावी असं फारसं काही नव्हतं, आणि मी ती काढतही नव्हते. तीनचार वर्षांनी वहिनींचा निरोप आला की हे फार आजारी आहेत, एकदा येऊन जा.

देवळाली गावात त्याच्या दोन खोल्या होत्या. तो कॉटवर उशांना टेकून बसला होता. श्वास लागत होता. छातीचा पिंजरा वर-खाली होताना दिसत होता, आणि आता ती खरोखरच भरत नव्हती. अंगात तोच शर्ट. आजूबाजूचं कापड इतकं पांढुरकं पडलं होतं की चौकोन अजूनच गडद दिसत होता. मला बघून म्हणाला, "कॅप्टन, रिपोर्ट." मला राग यायला हवा होता. माझे डोळे भरून आले, आणि त्याचा मात्र राग आला. या माणसासाठी रडायचं मी कधीच ठरवलं नव्हतं.

त्याचं छातीजवळचं एक बटण लोंबत होतं. वहिनींकडून सुई-दोरा मागून घेतला. शर्ट काढायला लावायचं त्राण त्याच्यात नव्हतं, म्हणून अंगावरच लावलं, आत डावा हात धरून, त्याला सुई लागू नये म्हणून. आतून हाताला त्याची बरगडी लागत होती. बटण बसलं. गाठ मी वर घेतली. ठरवून घेतली नाही. माझ्या दुकानात मी लहान मुलांच्या गणवेशांनाही तशीच घेते, कितीतरी दिवसांपासून, आणि आया तक्रार करतात की ताई, गाठ बाहेर राहिली.

तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ त्याला बघायला आले. वयस्कर, गप्पिष्ट, ब्रिगेडियरच्या गोष्टींचे जुने गिऱ्हाईक असावेत. खुर्ची ओढून बसले. त्यांचं लक्ष बटणाकडे गेलं. "साहेब, ही गाठ बाहेरून? ही काय तुमच्या फौजेतली पद्धत का?" त्यांनी विचारलं आणि गोष्ट ऐकायला सरसावून पुढे सरकले.

ब्रिगेडियरने दोन बोटं गाठीवर ठेवली. मी दोरा तोडत होते, मान वर केली नाही.

"आत टोचते म्हणून," तो म्हणाला.

शेजारी अजून थोडा वेळ तसेच पुढे झुकून बसले होते. पुढे काहीतरी येईल असं त्यांना वाटलं असावं.